डॉक्टर कारेकरांच्या बाणाचं वजन

श्रीनिवास कारेकर इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमधल्या सगळ्या मराठी घरांत आवडता होता, आणि मला नेमका त्याचाच संशय यायचा. जो माणूस सगळ्यांना आवडतो तो काहीतरी हातचं राखून असतो, असं माझं पक्कं मत होतं. त्यात माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक असणारच, असं धरून सकाळी नऊला बसायचं आणि संध्याकाळपर्यंत ती शोधायची. वीस वर्षं हे केलं की घरातला टोस्टरही सरळ वाटत नाही.

श्रीनिवास हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. मूळचा सावंतवाडीचा, दैवज्ञ, वडिलांचं सोनारकामाचं दुकान. १९८२ साली इथे आला, तो इथलाच झाला. वजन विचारल्याशिवाय मी माणसाला सुई लावत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. पार्टीत नवीन ओळख झाली तरी त्याची नजर समोरच्याचं वजन करतेय असं मला वाटायचं. अनुया, म्हणजे माझी बायको, म्हणायची की ते फक्त मलाच वाटतं.

आमची मैत्री झाली ती तिरंदाजीमुळे. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या रानात आमचा क्लब होता. झाडांमध्ये रबराची हरणं आणि डुकरं उभी केलेली असायची, आणि दर रविवारी आम्ही त्यांच्यावर बाण मारत चिखलातून हिंडायचो. श्रीनिवासकडे लाकडी धनुष्य होतं, पंचावन्न पाउंड ताणाचं. साठीला आलेल्या माणसाला ते जड होतं. २००५ मध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, सर्जनने दम दिला, आणि तो बेचाळीस पाउंडाच्या धनुष्यावर आला. खांद्यामुळे सामान उचलवत नव्हतं, म्हणून त्याच्या धनुष्याची बॅग माझ्या गाडीच्या बूटमध्येच, म्हणजे डिकीतच, राहायची. मी त्याला रविवारी घरून उचलायचो आणि दुपारी सोडायचो. ही ने-आण ऑपरेशनच्या आधीपासूनची, चार वर्षं चाललेली.

हलकं धनुष्य आलं आणि श्रीनिवासला वजनाचं वेड लागलं. त्याला शिकार करायची होती. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, हे क्लबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. तो म्हणायचा, इथे नाही, हंगेरीत. तिथे परवानगी आहे, मे महिन्यात जाणार, एक नर हरिण, बस. मग हलक्या धनुष्याला किती वजनाचा बाण हवा, हे तो दिसेल त्याला विचारत सुटला. बाणाचं वजन इथे ग्रेनमध्ये मोजतात, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम. हलका बाण सुसाट जातो, पण हाडाला लागला की थांबतो. जड बाण रमतगमत जातो, पण आत घुसतो. धनुष्यात जोर कमी असेल तर वेगाच्या मागे लागू नये, असा त्याचा सिद्धांत होता. पाउंडामागे अकरा-बारा ग्रेन, बेचाळीसला पाचशेच्या आसपास, हवेतच, म्हणजे जनावराला काय झालं ते कळायच्या आत ते संपतं.

मी एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी? तो म्हणाला की आयुष्यभर माणसांना झोपवलं आणि परत उठवलं. मटणही खाल्लं, पण ते दुसऱ्याने मारलेलं. एकदा आपण स्वतः, नीट, करून बघायचं आहे. हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली. असलं वाक्य बोलणारा माणूस मे महिन्यापर्यंत थांबेल का?

२००६ च्या मार्चमध्ये आमच्या रानात एक हरणी सापडली. कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईला ती कुंपणाजवळ पडलेली दिसली. खांद्यात बाण रुतलेला, दोन दिवसांपूर्वीचा. जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन तिला तिथेच सोडवलं. शेतकरी भडकला, क्लब बंद करीन म्हणाला, आणि पोलिसांनी सेक्रेटरीकडे सभासदांची नावं मागितली. सेक्रेटरी कॉलिन, रिटायर्ड पोस्टमास्तर, शिस्तीचा माणूस. पोलिसांनी बाण नेण्याआधी त्याने तो तोलून घेतला. काळा कार्बनचा, आम्ही सगळे वापरतो तसाच, टोकाला शिकारीचं पातं. वजन दोनशे अठ्ठावन्न ग्रेन.

मी हे श्रीनिवासला फोनवर सांगितलं. अरेरे म्हणाला नाही, कुणी केलं असेल असंही विचारलं नाही. फक्त म्हणाला, “बाण किती आत गेला होता?”

मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात तो ऑन कॉल होता. त्याचे बाण घरी होते, नवीन टोकं बसवायला नेलेले. बॅग मात्र माझ्या बूटमध्ये होती, आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक वही असते हे मला माहीत होतं. बुधवारी ऑफिसच्या कार पार्कमध्ये मी ती काढली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मलाही कळतं. पण संशय आला की माझे हात थांबत नाहीत.

वही मराठीत. इंग्रजांच्या क्लबात मराठी वही कशाला, इथूनच मला पाणी मुरताना दिसायला लागलं. अक्षर डॉक्टरचं, म्हणजे अर्धं वाचायचं आणि अर्धं ताडायचं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख होती हरणी सापडायच्या तीन दिवस आधीची. खाली लिहिलं होतं: ‘हरिण. बेचाळीस पाउंड. २६० ग्रे. पक्कं.’ आणि त्याखाली: ‘खांद्याच्या हाडावर मारून बघितला.’

जगाला पाचशे ग्रेनच्या गोष्टी सांगायच्या, आणि स्वतः गुपचूप दोनशे साठचा बाण करायचा. कॉलिनच्या काट्याशी दोन ग्रेनचा फरक, तो तर चिखला-रक्तानेही पडतो. संध्याकाळी अनुयाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मग विचार की त्याला.” मी म्हटलं, विचारलं तर तो सावध होईल. ती म्हणाली, तो सावध होईल म्हणून विचारायचं नाही, तर मित्र कशाला म्हणायचं? मला राग आला. या बाबतीत मला तिच्यापेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं.

गुरुवारी मी कॉलिनला सांगितलं, वहीही त्याच्या हातात दिली. खासगीत सांगतोय, असं दोनदा बजावून सांगितलं, म्हणजे मनाची टोचणी कमी होईल. कॉलिनने शांतपणे ऐकून घेतलं. रविवारी सकाळी कमिटीसमोर श्रीनिवासला बोलावतो म्हणाला, आणि उत्तर पटलं नाही तर सोमवारी त्याचं नाव पोलिसांना देणार. मला म्हणाला, तू ये, त्या पानाचं भाषांतर करायला दुसरं कोणी नाही. तेव्हा कुठे मला उमगलं की हे क्लबपुरतं राहणार नाही. डॉक्टरवर प्राण्याला हाल करून मारल्याचा गुन्हा लागला, तर त्याचं रजिस्ट्रेशनही धोक्यात. चोवीस वर्षांची नोकरी, सगळंच. तरी मी मागे फिरलो नाही. त्याने केलं असेल तर भोगावं, असं स्वतःला बजावत राहिलो.

रविवारी त्याला उचलायला गेलो नाही. ताप आल्याचा निरोप पाठवला. तो स्वतः गाडी चालवत आला, एका हाताने स्टिअरिंग धरून आला असणार, आणि मला क्लबच्या खोलीत कमिटीशेजारी बसलेला बघून म्हणाला, “अरे, बरं वाटतंय का आता?” मी मान हलवली.

कॉलिनने त्याचे बाण मागितले. त्याने नऊ बाण टेबलावर ठेवले. कॉलिनने इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक तोलला. चारशे सत्त्याऐंशी. चारशे अठ्ठ्याऐंशी. चारशे सत्त्याऐंशी. नऊच्या नऊ तसेच. बेचाळीस पाउंडाला, पाउंडामागे अकरा-बारा ग्रेन, तो सांगत होता तेच. बाकीच्यांचे चेहरे सैल पडले. माझा पडला नाही. मी मनात म्हणत होतो, हे दाखवायचे बाण, मारायचे वेगळे.

मग कॉलिन म्हणाला, पण तुमच्या वहीत दोनशे साठ ग्रेन लिहिलंय.

श्रीनिवास म्हणाला, कुठल्या वहीत? कॉलिनने वही पुढे केली. वही बघून त्याने कॉलिनकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत मराठी येणारे आम्ही दोघंच होतो, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने पान उघडलं, आकड्यापुढच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मराठीत म्हणाला, “माधव, हे ग्रे नाही. गुं आहे. गुंज.”

कॉलिनने विचारलं, तो काय म्हणाला? श्रीनिवासला उत्तम इंग्रजी येतं. पण त्याने नुसती हाताची घडी घातली. सांगायचं माझ्यावर आलं.

मग मी त्या पाच इंग्रज माणसांना सांगितलं की याचे वडील सोनार होते. आमच्याकडे सोनं गुंजांवर तोलायचे, गुंज म्हणजे लाल बी, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा लहानपणापासून त्याच मापात विचार करतो. त्याच्या घरी वडिलांचा काटा असणार. मी अक्षर चुकीचं वाचलं.

कॉलिनने विचारलं, एक गुंज म्हणजे किती ग्रेन? श्रीनिवास पहिल्यांदा इंग्रजीत बोलला: एक पॉइंट आठ सात पाच. कॉलिनने कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि आकडा सगळ्यांना दाखवला. चारशे सत्त्याऐंशी पॉइंट पाच. खांद्याच्या हाडाचंही विचारलं गेलं. बुचरकडून डुकराचा खांदा आणून घरामागच्या बागेत टांगला होता, बायको दोन दिवस बोलत नव्हती, असं तो म्हणाला. कोणीतरी हसलं. रानात सापडलेल्या बाणाबद्दल तो इतकंच म्हणाला की दोनशे अठ्ठावन्न ग्रेनचा बाण त्या हाडावर अडकणारच, म्हणून तर मी माधवला विचारलं होतं किती आत गेला. कुणी मूर्खाने वेगावर भुलून मारलाय.

कॉलिनने त्याची माफी मागितली, उभं राहून. मी बसूनच होतो.

बाहेर कार पार्कमध्ये मी बूट उघडला. बॅग काढून द्यायला पुढे झालो, तर त्याने हाताने थांबवलं आणि दुखऱ्या खांद्याने स्वतःच ओढून काढली. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, “अक्षर माझं वाईट आहे. ते कोणीही चुकीचं वाचेल.” मग बॅग जमिनीवर टेकवून म्हणाला, “पण एक फोन करायचा होतास रे.”

मला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात पोलिसांना शेजारच्या गावातला एक माणूस सापडला. इंटरनेटवरून धनुष्य मागवलं होतं, क्लबशी त्याचा काही संबंध नव्हता. मे महिन्यात श्रीनिवास हंगेरीला गेला. एक नर, एकच बाण, लागल्यावर जनावर चाळीस पावलंही गेलं नाही, असं मला कॉलिनकडून कळलं. क्लबात तो रविवारऐवजी शनिवारी यायला लागला.

दिवाळीला कम्युनिटी हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी जमली. श्रीनिवास वाढपात होता, हातात श्रीखंडाचं भांडं. मला बघून तो हसला, अगदी सगळ्यांना हसतो तसा, आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाला, “या माधवराव, बसा तुम्ही. तुम्हाला श्रीखंड चालतं ना?”

चार वर्षं ज्याने मला अरे-तुरे केलं, तो असं बोलला. अनुयाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी चालतं म्हटलं आणि बसलो.