आखाजीचा मुराळी

नवरा-बायकोच्या घरात एखादा ओळखीचा माणूस गोड बोलत शिरतो आणि पुढे जिवावर उठतो, असा चित्रपट टीव्हीवर लागला की मला धुळ्यातली आमची भाड्याची खोली आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तसलाच एक चित्रपट आम्ही दुपारच्या खेळाला पाहिला होता आणि तो माझ्या डोक्यातून जात नव्हता. तिसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो, तर आतून परक्या पुरुषाचं हसणं ऐकू आलं. बायको एका तरुणाला चहा गाळून देत होती. तो तिचा आतेभाऊ, चोपड्याहून आलेला. "दाजी, आखाजीले अक्काले लेवाले उनू. मामीनं धाडेल शे माले," तो उठून म्हणाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींना माहेरी न्यायला मुराळी येतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आतेभावाशी लग्न जमतं, एवढंच मला सुचलं. "सख्खा भाऊ मेला का?" मी विचारलं. "त्याला ताप आहे हो," बायको कळवळून म्हणाली. मी म्हणालो, "ती येणार नाही." अर्धा चहा तसाच ठेवून तो गेला. तिची लग्नानंतरची ती पहिली आखाजी; माहेरी तिच्यासाठी झोका बांधलेला, आणि ती आमच्या खोलीत पोळ्या लाटत बसली. पुढे मी माफी मागितली, दर आखाजीला स्वतः तिला पोचवलं. पण आजही दारात तिच्या नात्यातला कुणी पुरुष आला की ती आधी माझ्याकडे वळून सांगते, "हा माझ्या मावशीचा मुलगा बरं का," आणि मगच त्याला बस म्हणते.