चार जीबीत न मावलेला फेटा

धाकट्या पोराच्या, सुदामच्या लग्नाचे तुकडे मी स्वतः पुढ्यात बसून करवून घेतले, आणि तेही नव्या सुनेच्या हातानं.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल. फिरलं नव्हतं, तापलं होतं! लग्नापासून माझा चुलत भाऊ किसन घरी यायचा बंद झाला होता. रोज संध्याकाळी ओसरीवर चहा पिणारा माणूस, पण आता दारावरून जाताना दुसऱ्याच्या शेळ्यांकडं बघत जायचा. का, तर म्हणे, "लग्नात दादानं सगळ्या भावकीला फेटे बांधले, मला न्हाई!" आणि मला तर स्वच्छ आठवत होतं, मी बांधला होता. (मला जे आठवतं ते घडलेलंच असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.) मी पारावर जाऊन जाहीर केलं, "रविवारी या समदे. लग्नाचं शूटिंग दाखवतो. किसनच्या डोक्यावर फेटा निघाला, तर त्यानं समद्यांसमोर माझ्या घरी चहा प्यायचा!"

शूटिंग होतं सून अर्चनाच्या लॅपटॉपात. पण त्या ताटलीएवढ्या पडद्यावर आख्खी भावकी काय बघणार? टीव्ही मोठा, पण जुना. त्याला पेन ड्राईव्ह खुपसायला भोकच नाही. भोक होतं सुदामच्या गेमच्या मशीनला. (लग्न झालं तरी टीव्हीवर मोटारी पळवतो!) ते मशीन टीव्हीला जोडलेलं, पेन ड्राईव्हमधलं शूटिंगही दाखवायचं म्हणे. सुदाम परभणीला कामावर, म्हणून अर्चना खटपटीला बसली.

"मामा, ह्या पेन ड्राईव्हात शूटिंग बसंना हो." (आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते.)

"का? भरला का त्यो?"

"न्हाई, लय रिकामा हाय. पण एक फाईल चार जीबीच्या वर गेली की ह्यो घेतच न्हाई. अन् आपलं सगळं लग्न एकाच फाईलीत हाय."

रिकामा आहे, पण घेत नाही! जन्मभर मोंढ्याच्या बाजारात कापूस घातलाय मी, असलं बोलणारे अडते लय बघितले.

"असं समजा मामा, गोदाम मोठं हाय, पण दार अरुंद हाय. गाठोडं आत जायना."

"मग दार तोड!"

तिनं तोडलं. पेन ड्राईव्ह पुसून काहीतरी वेगळ्या पद्धतीनं तयार केला, आणि फाईल आत गेली की सुळकन! पण आता गेमचं मशीन अडलं. पेन ड्राईव्ह लावला तरी पडद्यावर काहीच नाही.

"मशीन जुनं हाय, मामा. ही पद्धत त्याला वळखू येत न्हाई."

इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नात फेटे आणायचं काम कोणाकडं होतं? व्याह्याकडं. व्याही कोण? हिचा बाप! फेटे कमी पडले असणार, आणि ही बापाची झाकपाक करायलीय.

"पेन ड्राईव्ह परत पहिल्यासारखा करून फाईल बारीक करू का?" ती म्हणाली. "तोंडं जरा धूसर दिसतील, पण मावंल."

"धूसर? म्हंजे किसन म्हणायला मोकळा, ह्यो मी न्हाईच! काही धूसर-बिसर करायचं न्हाई."

"मग तुकडे करावे लागतील."

"शुभकार्याचे तुकडे?"

"लग्न माझं हाय, मामा. मला चालतंय."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसलो. तिच्या बोटांवरची नजर काढली नाही.

"अक्षता पडताना कात्री लावायची न्हाई."

"बरं."

"सप्तपदीत न्हाई. पाठवणीत तर न्हाईच न्हाई."

"मग कुठं कापू?"

"अक्षतांनंतरच्या पंगतीत काप. न्हाईतर पंगत काढूनच टाक. लोकांची तोंडं हलताना काय बघायची?"

"सगळी? मामा, एकदा बघून तरी..."

"बघितलीय मी. जेवलोय तिथं!"

रविवारी भावकी जमली. किसन आला, पण दारात बसला, चप्पल न काढता. दोन शिंगांचं ते गेमचं रिमोट मी कोणाच्या हाती दिलं नाही. पहिला तुकडा लागला. सगळ्यांना फेटे झाले, अक्षता पडल्या, पण किसनचा पत्ताच नाही! घाईघाईनं दुसरा तुकडा लावला. सप्तपदी चाललीय, आणि मागं खांबाला टेकून किसन. डोक्यावर फेटा!

"बघा!" मी उठलोच. "कोणाचं खरं निघालं?"

"दादा," किसन दारातूनच म्हणाला, "फेटा नव्हता असं मी कवा म्हणलो? तू बांधला न्हाईस, एवढंच म्हणलो."

"मग कोणी बांधला?"

"पंगतीचं लाव, कळंल."

"पंगत... न्हाई ह्यात."

"का न्हाई?"

"काढायला लावली मी."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. जन्मभर दुसऱ्यांकडं मी ज्या संशयी नजरेनं बघितलं, तीच नजर पंधरावीस डोळ्यांच्या जोड्यांत! "दादा, तुमीच काढली?" एकानं विचारलंच. अर्चना गुपचूप उठली, लॅपटॉपात राहिलेली पंगत तिनं वेगळी पेन ड्राईव्हमध्ये घातली आणि आणून लावली.

पंगत सुरू. वऱ्हाडाची चिखलात फसलेली जीप काढून किसन आला, गुडघ्यापर्यंत राड, डोकं बोडकं. माझ्या समोरच्या ओळीत बसला. मी त्याच्याकडं बघितलं. नीट बघितलं. आणि वाढप्याला म्हणालो, "जिलबी आण इकडं!"

तेवढ्यात व्याही धावत आले. फेटे खरंच संपलेले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा काढला आणि किसनच्या डोक्यावर ठेवला.

किसन हळूच म्हणाला, "मला फेट्याची हौस न्हाई, दादा. पण तुझ्या पोराचं लग्न होतं."

बायकोला ओरडलो, "अगं, पेटीतला फेटा काढ! आत्ता बांधतो ह्याला, समद्यांसमोर!"

किसन चप्पल काढून आत आला, माझ्या पुढ्यात बसला. मी फेट्याचं टोक धरलं आणि तेव्हा ध्यानात आलं, की मला फेटा बांधता येत नाही! लग्नात बांधणारा गडी वेगळाच होता, मी नुसता शेवटी तुऱ्याला हात लावत होतो. पण भावकीसमोर माघार? गुंडाळत सुटलो. आधी एक कान गेला, मग दुसरा, मग डोळे. आतून आवाज आला, "दादा, चहा कुठून पिऊ?"

कापड वर धरून, सगळ्यांसमोर, माझ्या घरचा चहा पिला तो. दोन कप! अर्चनानं ते मोबाईलात टिपलं. लग्नाची फाईल कुठंच मावत नव्हती. ही मात्र इतकी लहान निघाली, की गंगाखेडपासून पाथरीपर्यंतच्या एकूण एक पाव्हण्याच्या मोबाईलात ती न कापता मावली!