पस्मोत्रिम म्हणजे बघू

"पस्मोत्रिम," असं म्हणून रशियन पाहुण्याने द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी दुभाषी. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं, एवढंच माझं काम. पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात त्या दिवशी दोन सरकारांची बैठक चालू होती. समोर रशियाच्या शेतमाल तपासणी खात्याचे अधिकारी, या बाजूला दिल्लीहून आलेले आपले सहसचिव. आणि कडेच्या खुर्चीवर, नुसते 'ऑब्झर्व्हर' म्हणून, द्राक्षं एक्स्पोर्ट करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे निकम साहेब. हॉटेल कंपनीच्या खर्चाने, गाड्या कंपनीच्या, टेबलावरची द्राक्षं कंपनीची. मीही कंपनीनेच बोलावलेली.

आपल्या बाजूची मागणी अशी होती. द्राक्षांचे कंटेनर तिकडच्या बंदरात तपासणीसाठी अडकून पडतात आणि माल खराब होतो. तेव्हा तपासणी इथेच, पॅकहाऊसमध्ये व्हावी. पॅकहाऊस म्हणजे जिथे द्राक्षं निवडून, थंड करून पेटीत भरतात ती शेड. इथवर ठीक. पण पुढे एक शेपूट होतं: ही सवलत फक्त मोठ्या, स्वतःचं कोल्ड स्टोरेज असलेल्या पॅकहाऊसना. आमच्या भागात तेवढं मोठं पॅकहाऊस कोणाचं होतं, हे सांगायला नको. दिंडोरीकडच्या छोट्या सोसायट्या आपोआप बाहेर.

'भारत सरकारची भूमिका' असं वर लिहिलेला तो मजकूर बैठकीच्या आधीच रशियन करायला माझ्याकडे आला होता. आणून दिला निकम साहेबांनी.

"हे दिल्लीहून आलं का?" मी विचारलं.

"येईल ना मॅडम. आपण इथून पाठवलं की तिथून येतंच."

आणि आलं. सहसचिवांनी बैठकीत जे वाचलं ते शब्दन् शब्द तेच होतं. त्यांच्या हातातल्या कागदावर 'पॅकहाऊस'च्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा दिल्ली फिरून सहीसलामत परत आली होती. मी चोवीस तास बातम्यांत 'भारताने ठाम भूमिका मांडली' असं ऐकणारी बाई. भूमिका अंबडच्या एमआयडीसीत, कंपनीच्या ऑफिसात टाइप होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी तिथे का गेले, ते सांगते. पैसे चांगले होते, पण त्यासाठी नाही.

मी नाशिक रोडची. वडील तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. बाकीच्या मुली डी.एड. करत होत्या तेव्हा मला रशियन शिकायची हुक्की आली. आई म्हणायची, "ती भाषा बोलणार कोणाशी, शेजारच्या गायकवाडांशी?" पण ओझरच्या विमान कारखान्यात तेव्हा रशियन इंजिनिअर यायचे आणि मला तिथे दुभाष्याची नोकरी मिळाली. एका इंजिनिअरची बायको गालीना. कॉलनीतली मुलं त्यांना गालीना काकू म्हणायची, मग मीही. माझं रशियन पुस्तकी होतं. ते बोलतं केलं काकूंनी. मी त्यांना भाजी बाजारात घासाघीस शिकवली, त्यांनी मला त्यांचं गाव शिकवलं. सारातोव, व्होल्गा नदीच्या काठी. हिवाळ्यात नदी इतकी घट्ट गोठते की माणसं पलीकडे चालत जातात. "तू ये," त्या म्हणायच्या, "आपण दोघी चालत जाऊ." मला गोदावरीपलीकडची नदी ठाऊक नव्हती. पण त्या बर्फावरून मी मनात इतक्या वेळा चालले की पायांना गारठा जाणवायचा.

मग त्यांचा देशच मोडला. करार आटोपले, माणसं परत निघाली. नाशिक रोड स्टेशनवर काकू डब्याच्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "परत भेटू ना आपण?" त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पस्मोत्रिम." काही वर्षं पत्रं आली. नंतर थांबली.

कंपनीचं डेलिगेशन फेब्रुवारीअखेर मॉस्कोला जाणार होतं आणि त्यात माझं नाव होतं. मॉस्कोहून सारातोव रात्रभराची गाडी. नदी तेव्हा गोठलेलीच असणार. माझा पासपोर्ट व्हिसासाठी निकम साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडला होता.

तर, "पस्मोत्रिम." मी सांगितलं, "वुइ विल सी." मणी गिळून पाहुणे हसले आणि चहाची सुट्टी झाली.

निकम साहेब मला खिडकीपाशी घेऊन गेले. सटाण्याचा माणूस, बोलायला गोड. घाईत असले की घरची बोली निसटायची.

"मॅडम, पॉझिटिव्ह बोलले ना ते?"

"'बघू' म्हणाले, साहेब."

"मग बघणार म्हणजे तयार शे ना! मिनिट्समध्ये 'सहमत' टाका."

मिनिट्स म्हणजे काय ठरलं त्याची नोंद. दोन्ही भाषांत होते, दोन्ही बाजू सही करतात. पुढे दिल्लीत फाइल त्या एका शब्दावर चालते. रशिया सहमत आहे म्हटल्यावर इकडे अट घालायला सरकार मोकळं.

"साहेब, मुलगी बघायला आलेले लोक जाताना 'बघू, कळवतो' म्हणतात. तुम्ही हॉल बुक करता का?"

ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा व्हिसा सोमवारी टाकतोय. तिकडे लय थंडी असते म्हणतात. स्वेटर घेतलं का?"

धमकी नव्हती. प्रेमाने विचारलं होतं. म्हणूनच जास्त लागलं. खरं सांगते, मला जायचं होतं. फार जायचं होतं. 'सहमत' लिहिलं असतं तर कदाचित कोणी विचारलंही नसतं. आमचे पाहुणे जेवण झाल्यावर कशावरही सही करतील असे दिसत होते. मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिले. ती नदी डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात सहसचिव आले. त्यांनी बहुधा थोडं ऐकलं होतं.

"मैडम, इस 'पस्मोत्रिम' में हाँ कितनी है?"

निकम साहेब म्हणाले, "पॉझिटिव्ह है सर."

सहसचिव माझ्याकडेच बघत राहिले. सवयीने तोंडातून बाहेर पडलं, "सर, जितनी 'देखेंगे' में होती है।"

ते मोठ्याने हसले. "अरे, वो तो मैं रोज़ बोलता हूँ।" आणि निकम साहेबांनी आधीच तयार ठेवलेल्या मसुद्यातला 'सहमत' खोडून त्यांनी लिहिलं, 'रशियाच्या बाजूने मागणीची नोंद घेतली'. मी तेच रशियनमध्ये उतरवलं. सह्या झाल्या. निकम साहेबांनी मला जेवायला आग्रहाने थांबवलं, श्रीखंडही वाढलं. व्हिसाचा विषय मात्र निघाला नाही.

दिंडोरीच्या सोसायट्या त्या एका शब्दामुळे वाचल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. उन्हाळ्यात मोठ्या पॅकहाऊसची अट आपल्याच बाजूने निघाली, दर्जा सांभाळण्याच्या नावाखाली. रशियाच्या होकाराची गरजच पडली नाही. मी समोरच्या दाराशी शब्द अडवून बसले आणि सामान मागच्या दाराने गेलं.

डेलिगेशन ठरल्या वेळी गेलं. दुभाषी मॉस्कोतच घेतला म्हणे. माझा पासपोर्ट कुरिअरने घरी आला. मी एक एक पान उलटून बघितलं, उगीचच. सगळी कोरी. तो मांडीवर ठेवून मी रडले, ते नोकरीसाठी नव्हतं. नंतर निकम साहेबांचा फोन आला.

"मॅडम, पुढच्या वेळी नक्की बघू."

याचं भाषांतर कोणाला करून द्यावं लागलं नाही.

आता मी काम सोडलंय. नव्या मुली विचारतात तेव्हा सांगते, बाई गं, 'बघू'ला कुठल्याही भाषेत 'नाही' समजावं, पण लिहिताना 'बघू'च लिहावं. माझा धडा तेवढाच.

फक्त गालीना काकूंचं स्टेशनवरचं 'पस्मोत्रिम' मी अजून 'हो' असंच धरून बसले आहे. धंद्याच्या हिशेबाने ते भाषांतर साफ चूक आहे.