मसिराच्या डोंगरात कहवा ओतणारी

जावयाचं डोकं माझ्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, अंगाला दरदरून घाम... आणि वारा तर डिसेंबरचा, गार. मी त्याच्या गालावर चापट्या मारत होते. "जोसेफ! ए जोसेफ!" तो काहीतरी बरळला. नात रिया गाडीच्या टपावर चढून फोन वर धरून उभी. "आजी, नेटवर्क नाय... कुठेच नाय!"

गाडी डोंगरातल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत रुतलेली. सकाळी इन्सुलिन टोचून हा म्हणाला, "मम्मी, नाश्ता समुद्रावर करू." नाश्त्याची पिशवी राहिली हॉटेलात. मग हातांनी वाळू उपसत बसला आणि साखर उतरली. गाडीत गोड म्हणून काही नव्हतं.

ही जागा म्हणजे ओमानचं मसिरा बेट. मी मूळची वसईची, चौथी शिकलेली, लेकीकडे मस्कतजवळ सीबला राहते. तिला ड्यूटी होती, म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघंच फेरीबोटीनं आलो. बेटाच्या मध्ये नुसते बोडके डोंगर. किनारा सोडला की माणूस दिसत नाही. भुताखेतांचं म्हणाल तर गावात बायका त्या गोष्टी काढायच्या तेव्हा मी उठून केळींना पाणी सोडायला जायचे. आजही कोणी सांगितलं तर ऐकणार नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

वरच्या दगडांतून एक म्हातारी उतरली. हिरवी शाल, तोंडावर इथल्या वाळवंटातल्या बदू बायका घालतात तसला चोचीचा मुखवटा, हातात कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची किटली. जोसेफजवळ उकिडवी बसली. शालीच्या गाठीतून खजूर काढला, बोटांनी कुस्करला आणि त्याच्या हिरड्यांवर चोळला. पुन्हा एक. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती, तेव्हाच पाहिलं मी.

मग तिनं छोटा कप, इथे फिंजान म्हणतात तो, काढून मला कहवा ओतला. मी प्यायले. तिनं परत ओतला. मी प्यायले. परत!

"अगं बाई, मला कहवा नको, माणसं बोलव माणसं!" मी रस्त्याकडे हात करून ओरडले. ती ओततच होती.

"आजी, कप शेक कर ना! हलवला नाय तर ती थांबणार नाय. इथे तसंच असतं."

"मी कशाला हलवू? तिला दिसत नाही इथे काय चाललंय?"

"आजी, प्लीज!"

हलवला. म्हातारीनं मान डोलावली, किटली उचलली आणि आली तशी दगडांत चढून गेली. तेवढ्यात जोसेफनं डोळे उघडले. "मम्मी... भूक लागली." आयुष्यात एवढं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही.

थोड्या वेळानं धुरळा उडवत पिकअप आला. उतरला तो ओमानी मच्छीमार, हातात दोर आणि ज्यूसचे डबे. "शुगरवाला आदमी किधर?"

"तुमको किसने बोला?"

"एक अम्मा. हरी शाल. उंगली ऐसी." त्यानं डावी करंगळी अर्धी दुमडून दाखवली. "सुबह से हमारे शेड में बैठी है. कहवा पीती है, पीती है, फिंजान हिलाती ही नहीं! फिर बोली, वादी में आदमी गिरा है, मीठा लेके जाओ."

"अभी किधर है?"

"उधर ही. मैं छोड़ के आया."

त्याच्या शेडपर्यंत पिकअपनंसुद्धा बराच वेळ लागला. तिथली माणसं म्हणाली, आत्ता तर इथे होती. कुठे गेली ते कोणी पाहिलं नाही. तुमच्या ओळखीची का, विचारलं, तर म्हणाले, बेटावर आम्ही सगळ्यांना ओळखतो, हिला नाही.

लेक म्हणते, जुळ्या बहिणी असतील. असतील. पण दोघींची तीच करंगळी अर्धी? आणि नेटवर्क नसताना एकीला कळलेलं दुसरीला कळलं कसं? मला सांगता येत नाही. आता मी डोकंही फोडत नाही. सीबला परतल्यावर तिच्यासाठी चर्चमध्ये उपकाराचा मिस्सा, म्हणजे आभाराची प्रार्थना द्यायला गेले तर फादरनी नाव विचारलं. म्हटलं, माहीत नाही फादर, पण देवाला माहीत असेल, तुम्ही मिस्सा करा.

जोसेफ जगला. रिया आणि मी पण.