सुकवलेल्या कोळशाची रास

धरमतरला बार्जमधून उतरून आमच्या रोह्याच्या कारखान्यात यायचा तो कोळसा हलक्या प्रतीचा, पाण्याने फुगलेला. बॉयलरमध्ये घातला की निम्मी आग स्वतःलाच वाळवण्यात घालवायचा. म्हणून कंपनीने चाचणीसाठी एक यंत्र आणलं. घरी ज्यात शिळा भात गरम करतात, त्या मायक्रोवेव्हचाच थोरला भाऊ. पट्ट्यावरून कोळसा आत जायचा, लहरींनी त्याच्या पोटातलं पाणी तापायचं आणि वाफ सोडत तो बाहेर पडायचा. किती ओलावा उरला ते लॅबमध्ये मोजायचं काम माझं.

बाबांना यार्डात मीच चिकटवलं होतं, ठेकेदाराकडे. खाडीचा बांध फुटल्यापासून आमचं मिठागर पाण्याखाली होतं आणि बाबा घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते. चाचणी जमली तर यंत्र कायम राहणार होतं, आणि यार्डातली माणसंही. बाबांचा सगळा जीव त्या यंत्रात अडकला. वाफ निघताना बघून म्हणायचे, "ऊन तरी एवढं काम कुठं करतं गो!"

शेवटच्या चाचणीचा माल यार्डात पडला आणि दुपारनंतर आभाळ भरून आलं. माल पातळ पसरून थंड करायचा, असं साहेबांनी लॅबमधल्या मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं होतं. यार्डातल्या एकालाही त्या मीटिंगला बोलावलं नव्हतं. बोलावतील कशाला! बाबांनी ढग बघितले आणि जन्मभर जे केलं तेच केलं. माल ओढून रास घातली, फळीने चोपून गुळगुळीत केली, वर पेंढा, त्यावर ताडपत्री. मिठाची रास अशीच पावसाळाभर राखतात. घरी येताना एसटीत खूश होते. "एक थेंब लागायचा नाय," म्हणाले. वर ताडपत्री टाकली असेल, एवढंच मला वाटलं.

सकाळी ताडपत्रीतून धूर येत होता. असला सुकवलेला कोळसा गरम असतानाच दाबून झाकला की आतल्या आत तापत जातो आणि पेटतो. फावड्याने रास फोडली तर मध्ये लाल निखारे. बाबा निखाऱ्यांजवळ वाकले. "मीठ कवाच पेटलं नाय," एवढंच म्हणाले. मला साहेबांचा इतका संताप आला की रडूच फुटलं.

दुपारी यंत्र परत पाठवायचं ठरलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, वडिलांना तुम्हीच समजावा, उद्यापासून नको. आग पसरली नाही हे नशीब समजा, असंही वर ऐकवलं.

संध्याकाळी एसटीत बाबा खिडकीशी बसले. आमचं पेण जवळ येईपर्यंत नखांतली कोळशाची काजळी काढत होते. मग म्हणाले, "उद्या जरा लवकर जाऊ. साहेबाला सांगतो, पुढच्या येळेला पसरून ठेवतो. आता कळलं मला."

"उद्या सुट्टी हाय, बाबा," मी म्हटलं.

"मग परवा," ते म्हणाले, आणि स्टँड आला तशी माझी पिशवीही त्यांनीच उचलली.