चार नागपूरकर आणि सावरबंदर

रामदासपेठेत आमच्या एका मित्राच्या व्हरांड्यात आम्ही अजूनही अधूनमधून जमतो. गप्पा संत्र्याच्या भावावरून सुरू होतात आणि कुठल्यातरी वळणाने सावरबंदरला पोचतात. जेमतेम एक उन्हाळा आम्ही तिथे काढला, पण किस्से मात्र दरवर्षी वाढतातच. त्यातल्या बहुतेकांत फजिती माझी आहे, त्यामुळे ते सांगायचा पहिला हक्कही माझाच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्राचं एम. ए. करत होतो. आमच्या सरांनी ठरवलं, की कोकणातल्या एखाद्या छोट्या कोळीवस्तीचा अभ्यास करायचा. कुणीतरी विचारलं, कोकणच का? सर म्हणाले, "नागपूर दोन्ही समुद्रांपासून सारखंच लांब आहे. आपल्याइतका निःपक्षपाती अभ्यास कोणीच करू शकत नाही."

सर स्वतः, मी, खाप्याचा गजानन आणि इंदोऱ्याची कुसुम, अशी चौघांची टीम निघाली. समुद्र आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता.

*

रेल्वे, मग दोन एसट्या, मग खाडीतली होडी, असं करत आम्ही सावरबंदरला पोचलो तेव्हा दुपार होती. पंचवीसेक घरं, माडांची रांग, आणि समोर लांबच लांब ओली वाळू. पाणी नावाची वस्तू पार क्षितिजाला चिकटलेली.

गजानन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मी म्हटलं नव्हतं का? मे महिना हाय. आटला."

आमची कन्हान नदी उन्हाळ्यात आटते, तसा हाही आटला असणार, हे मलाही पटलं. मी लगेच टिपून घेतलं: 'पाण्याचं दुर्भिक्ष.' ट्रंका, वळकट्या तिथेच वाळूवर ठेवून आम्ही चहा शोधायला वस्तीत गेलो. परत आलो तर भरती आलेली, आणि माझी ट्रंक अरबस्तानाच्या दिशेने निघालेली. दोघा कोळ्यांनी पोहत जाऊन ती आणली, आतले कपडे मात्र वाहून गेले होते. पुढचे कित्येक दिवस मी सरांचं धोतर नेसून अभ्यास केला.

*

आम्ही उतरलो होतो धाकू तांडेलांकडे. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. म्हातारा माणूस, बोलणं कमी. त्यांची बायको काशीकाकी, तिचं बोलणं दोघांचं मिळून.

पहिली मुलाखत गजाननने घेतली. खाप्याकडे पुरुषमाणसाला आपुलकीने 'गा' म्हणतात, तसं तो म्हणाला, "काका, लाजून काहून राहिले? सांगा ना गा काहीतरी."

तांडेल संकोचले. म्हणाले, सवय राहिली नाही. गजाननने आणखी आग्रह केला, "असं काय करता गा?"

मग म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि खरोखरच गायला लागला. होडी ओढायच्या वेळची गाणी, लग्नातली गाणी, संध्याकाळपर्यंत सगळी झाली. दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघे तालमीनिशी आले. आमच्या अहवालात एक वाक्य आहे, 'येथील पुरुष साध्या प्रश्नाचेही उत्तर गाऊन देतात.' ते माझं.

*

इतके दिवस त्यांचं खातो आहोत, तर एकदा आपणही खाऊ घालावं, असं आमच्या मनात आलं. गजाननजवळ घरून आणलेला सावजी मसाला होता. तो स्वयंपाकाला बसला, मी चव बघणारा. कोलंबीचा रस्सा केला, वर लाल तेलाचा थर आला. मी चाखून म्हटलं, जरा फिका आहे, तेव्हा त्याने उरलेली पुडीही ओतली.

वादळात होडी हाकणारी माणसं जेवायला बसली. पहिल्या घासानंतर सगळ्यांचे हात पाण्याच्या तांब्याकडे गेले. तांडेलांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पाहुण्यांचा मान म्हणून ते खात राहिले. शेवटी काशीकाकी म्हणाल्या, "माझा सासरा गेला तेव्हासुद्धा हे इतके रडले नव्हते."

दुसऱ्या दिवशी सावरबंदरची एकही होडी पाण्यात गेली नाही. सरांनी कारण लिहिलं, हवामान.

*

कुसुमचे आईवडील छप्पन्न साली नागपूरला बौद्ध झाले, तेव्हा ती त्यांच्या कडेवर होती. एकदा किनाऱ्यावर जाळं वाळत घालताना काशीकाकींनी तिला विचारलं, की बाय, तुमच्यात माणूस लांब गेला की कोणत्या देवाला सांगतात? कुसुम म्हणाली, आम्ही कुठल्याच देवाकडे मागत नाही.

ही संधी साधून मी तुलनात्मक धर्मशास्त्रावर बोलायला लागलो. काकींनी माझ्या हातात बकरीची दोरी दिली आणि म्हणाल्या, ही जरा फिरवून आण. मी आलो तोवर दोघींचं बोलणं संपत आलं होतं. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"मग बाय, सगळी काळजी तुम्हाला एकट्यांनाच करावी लागत असेल," काकी म्हणाल्या.

जाळ्याचं दुसरं टोक कुसुमने उचललं, आणि दोघी ते ताणत राहिल्या. बकरीने तोवर माझ्या टिपणांचा धर्मावरचा भाग खाऊन टाकला होता.

*

होडीतून जायचंच, असा हट्ट माझा. विहिरीत पोहलेला माणूस मी, मला कसली भीती? किनारा दिसेनासा झाला आणि मला होडी लागली. मी तळाशी आडवा झालो, तो उठलोच नाही. कोळ्यांनी माझ्या अंगावरूनच जाळी ओढली आणि मासळी माझ्या आजूबाजूला टाकली.

परत आल्यावर किनाऱ्यावर बायका वाटे करायला जमल्या. काशीकाकींनी टोपलीच्या काठाने मला ढोसलं आणि विचारलं, "हा कोणाच्या वाट्याला आलाय?"

अख्खा किनारा हसला. सगळ्यात जास्त हसली काकींची भाची सुलभा, तिला तर वाळूत बसावं लागलं. मी गजाननकडे मदतीसाठी पाहिलं. गजानन माझ्याकडे बघतच नव्हता. तो सुलभाकडे बघून राहिला होता.

*

आम्ही परतलो तेव्हा गजानन आला नाही. होडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बाबाले तू सांग. मले हिंमत नाही होत. पण हळूच सांगजो."

कुसुमने वाटेत मला बजावलं, की आधी तो मजेत आहे ते सांग, मग बाकीचं. मला ते फार सपाट वाटलं. अशा बातमीला प्रस्तावना हवी, असं माझं मत.

खाप्याला गजाननचं घर हातमागाचं. पुढच्या खोलीत त्याचे वडील मागावर बसले होते, आई कांड्यांवर सूत भरत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. खाली मान घालून बसलो आणि म्हणालो, "काका, मन घट्ट करा. गजानन आता परत येणार नाही. तो समुद्रातच राहिला."

'समुद्रकाठी' म्हणायचं होतं. आयत्या वेळी तेवढं चुकलं.

माग थांबला. आईने हंबरडा फोडला. शेजारपाजार धावून आला, कोणी नातेवाइकांना निरोप द्यायला सायकल काढली. मला वाटलं, लग्नाला यांचा इतका विरोध आहे, आणि मित्राच्या काळजीने मीही रडायला लागलो. माझं रडणं पाहून उरलीसुरली शंकाही फिटली. काका मागाच्या खांबाला डोकं टेकून बसले होते, त्यांचे ओठ नुसते हलत होते.

मी डोळे पुसत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "काका, मुलगी चांगली आहे हो."

आईचं रडणं मध्येच थांबलं.

"कोन्ती मुलगी?" आईने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं, आणि या वेळी कुसुमने सांगितलेल्या क्रमाने. तो जिवंत आहे, मजेत आहे, मासळी विकायला शिकतो आहे. कोळ्यांच्या मुलीशी लग्न करतो म्हणतो.

एक शेजारी म्हणाला, "म्हणजे आपल्या समाजातली नाही." सगळे काकांकडे पाहायला लागले.

काकांनी पंच्याने तोंड पुसलं. मागावरच्या अर्ध्या विणलेल्या लुगड्यावरून हात फिरवला.

"आत्ता घडीभर आधी मी देवाले म्हटलं, कसाबी असू दे, पन माहा पोरगा दे," ते म्हणाले. "आता देवाले कोन्त्या तोंडानं सांगू, का असा नोको होता म्हनून?"

शेजारी एकेक करून उठले. आईने पदराने डोळे कोरडे केले आणि माझ्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला.

"बाबू, त्या पोरीले पोहता येते का?"

"येतं, काकू."

"मंग गजूले सांगजो, तिले सोडून पान्यात उतरू नोको."