सात दिवसांचा नियम

झ्लातिना मिनेवा बोलायला फटकळ, पण कामात इतकी काटेकोर की केंद्रातले लोक मागे तिला ‘घड्याळबाई’ म्हणत. डॅन्यूबकाठच्या त्या गावात ती वीस वर्षं ग्रंथालयात होती. ग्रंथालयाला टाळं लागलं तेव्हा चाळिशी उलटून गेलेली. तरी ती संगणक शिकली आणि रुग्णवाहिका केंद्रात लागली. फोन, नकाशा, गाड्या, तिथलं प्रत्येक यंत्र आपण काय केलं ते क्षणाक्षणाला लिहून ठेवतं. ते सगळे लॉग एका जागी गोळा करून जपायचे, हे तिचं काम.

केंद्रातल्या डिस्क भरत आल्या म्हणून फेब्रुवारीत तिने बाहेरच्या साठवणीत जागा घेतली. अशा जागेला बकेट म्हणतात. पत्ता घातला, किल्ली म्हणजे आत शिरायचा गुप्त शब्द घातला, नोंदी वर्षभर ठेवायच्या अशी मुदत लॉगच्या यंत्रणेत लिहिली, आणि नोंदी तिकडे जाऊ लागल्या.

मे महिन्यात गावातले म्हातारे दिमोव्ह वारले. गाडी उशिरा पोचली होती. फोन घेणाऱ्या क्रुमने गाडीला निरोपच वेळेवर दिला नाही, असा ठपका आला आणि जूनमध्ये चौकशी बसली. त्या सकाळी क्रुम तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, मी मिनिटाच्या आत बटण दाबलं होतं. तुमच्याकडे असेल ना ते?”

“माझ्याकडे तुझी शिंकसुद्धा असेल. बस.”

तिने तारीख टाकली. चार हजार नोंदी, असा आकडा आला. उघडायला गेली तर आत काही नाही. अनुक्रमणिका शाबूत, पानं गायब! तिने मागची तारीख टाकली, मग त्याच्याही मागची. गेल्या सात दिवसांपलीकडे सगळा शुकशुकाट.

तिने बकेटचे नियम उघडले. ‘सात दिवसांनी काढून टाका.’ चाचणीपुरता तिनेच घातलेला नियम, काढायचा राहिलेला. चार महिने बकेट इमानेइतबारे तेच करत होतं.

“सापडलं?” क्रुमने विचारलं.

तिकडे नकार देताना झटकतात तशी तिने मान वर झटकली. “नाही. मीच पुसलंय.”

शेजारच्या टेबलावरचा सहकारी ओगन्यान कुजबुजला, “डोकं फिरलंय का, बाई? डिस्क गेली म्हण. कोण तपासतंय?”

“मी तपासतेय की,” ती म्हणाली, आणि उठून थेट साहेबांना सांगून आली.

दोन दिवस ती एकेक सर्व्हर धुंडाळत बसली. केंद्रात एक राखीव सर्व्हर होता. त्यानेही प्रत्येक नोंदीची प्रत त्याच बकेटात पाठवायची होती. पण तिथे किल्लीतलं एक अक्षर चुकलं होतं. त्यामुळे फेब्रुवारीपासून एकही प्रत बाहेर गेली नव्हती; सगळ्या त्याच्याच डिस्कवर तुंबून पडल्या होत्या. ही चूकही तिचीच. पण तिच्यामुळेच त्या दिवसाच्या नोंदी वाचल्या होत्या; तिने त्या उतरवून घेतल्या.

चौकशीत तिने नोंदी वाचून दाखवल्या. फोन तीन सेकंदांत उचललेला. चाळिसाव्या सेकंदाला बटण दाबलेलं. आणि निरोप केंद्राच्याच यंत्रात नऊ मिनिटं अडकलेला.

क्रुम सुटला म्हणून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

“नऊ मिनिटं?” तो म्हणाला. “अहो, माझ्यासमोर हिरवं होतं. ‘पाठवलं’ म्हणून! त्यांची मुलगी फोनवर होती. निघालीय गाडी, आलीच बघा, असं मी तिला सांगत होतो...”

झ्लातिनाने अहवालात आपल्या दोन्ही चुका सगळ्यात वर लिहिल्या. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि पुढचे सहा महिने तिने केलेला प्रत्येक बदल ओगन्यानने तपासायचा असं ठरलं. तो हिरवा दिवा आता चालकाने ‘मिळालं’ म्हटल्यावरच लागतो. क्रुमने मात्र फोन पुन्हा घेतला नाही. महिन्याभरात त्याने गाडीवर बदली मागून घेतली.